घरौंदा : भिंतींच्या आधीचं घर

भीमसेन यांचा ‘घरौंदा’ (१९७७) मी भाड्याच्या वन बीएचकेत, लॅपटॉपवर पाहिला. शेजारच्या टॅबमध्ये होम लोनचा ईएमआय कॅल्क्युलेटर उघडा होता.

सुदीप आणि छाया (अमोल पालेकर, झरीना वहाब) मुंबईतल्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत फिरतात, नसलेल्या भिंतींमध्ये संसार मांडतात. पुढे बिल्डर पैसे घेऊन पळतो. मग सुदीपच छायाला सुचवतो : आजारी, श्रीमंत साहेबांशी (श्रीराम लागू) लग्न कर, ते फार जगणार नाहीत.

सुदीपला खलनायक ठरवून चित्रपट मोकळा झाला असता. तसं होत नाही. त्याचा हिशोब आपल्या ओळखीचा आहे : आत्ता सोसू, पुढची वर्षं आपलीच. ईएमआय तरी वेगळं काय सांगतो? माझी तक्रार एवढीच, की बिल्डर कथेतून निसटतो आणि जाब मात्र दोघा प्रेमिकांना द्यावा लागतो.

छाया हिशोबाने त्या घरात जाते. साहेबांची काळजी घेता घेता ते तिचं होतं. सुदीपच्या गणितात हे कुठेच नव्हतं.

सिनेमा संपल्यावर बायकोला विचारलं, “या घरात नेमकं काय कमी आहे गं?”

“बाल्कनी,” ती म्हणाली.

टॅबवर वीस वर्षांचा आकडा तसाच होता.