‘इंडस्ट्री ५.०’ आणि आपला झेला

युरोपियन कमिशनने २०२१मध्ये ‘इंडस्ट्री ५.०’ मांडली. कामगाराचं हित केंद्रस्थानी हवं, असं त्यात म्हटलंय. मान्य. पण आपल्याकडे ती सांगताना माणूस यंत्राकडे आत्ताच परतला, असा सूर लागतो. वेळणेश्वरात, आंब्याच्या मुलखात, तो पटत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला बघा. पातं देठासकट आंबा काढतं, म्हणून चीक फळावर ओघळत नाही. पण हापूस चौदा आणे तयार झालाय का, हे झेला धरणाऱ्याची नजर ठरवते. उद्या कॅमेरा ठरवेल; ठरवू दे की! इंजिनिअरिंगची मुलं इथे बसलीत, तुमच्यापैकीच कुणी तो बनवेल. त्याला शिकवणार मात्र हीच नजर. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, बागायतदाराला त्यात नोंदणी करता येते. नजर पुरवणाऱ्या गड्याच्या हाती काय? रोजची मजुरी.