फ म्हणजे सहावी तुकडी

'दहावी फ' या शीर्षकाचा अनुवाद करायला बसलं की ते अक्षरच अडवतं. इंग्रजी वाचकाला 'एफ' म्हणजे नापास. मराठी शाळेत फ ही सहावी तुकडी: अ, ब, क, ड, इ, फ. हा क्रम आपल्या वर्णमालेचा नाही. इंग्रजीचाच, देवनागरीत लिहिलेला. इथे सिलतऱ्यात, माझ्या आसपासच्या हिंदीत, तुकडीला 'सेक्शन' म्हणतात. 'टुकड़ी' म्हटलं तर पोलिसांची वाटेल. म्हणजे हिंदीत नेताना 'तुकडी'तला तुकडा हरवतो, आणि चित्रपट तर त्या तुटलेपणाचाच आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या २००२च्या चित्रपटात गरीब घरांतली, गुणांत मागे पडलेली मुलं 'फ'मध्ये आहेत. अपमान साचत जातो आणि ती प्रयोगशाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णींचे देशमुख सर त्यांच्यापुढे एक वाट ठेवतात: कष्ट करा, कमवा आणि नुकसान भरून द्या.

शेजारी १९६७चा 'टू सर, विथ लव्ह' ठेवून पाहावा. ब्रिटिश गयानातून आलेला, इंजिनिअरची नोकरी न मिळालेला थॅकरे (सिडनी पॉइटिए) लंडनच्या ईस्ट एंडमधल्या वर्गात पाठ्यपुस्तकं टोपलीत टाकतो आणि नियम घालतो: मला 'सर' म्हणायचं, मुलींना 'मिस'. तिथे 'सर' हा शब्द मिळवावा लागतो. मराठीत तो कुठल्याही शिक्षकाला पहिल्याच दिवशी मिळतो, त्यामुळे अनुवादात त्याचं मोल उतरत नाही. रीतभात शिकलेला हा वर्ग वर्गमित्राच्या आईसाठी पुष्पचक्राचे पैसे जमवतो, पण ते कृष्णवर्णीयाच्या घरी न्यायला कचरतो. लोक काय म्हणतील! अंत्यविधीला मुलं येतात खरी, पण सभ्यतेची हद्द चित्रपटानेच दाखवलेली असते.

'दहावी फ'चा भर सभ्यतेवर नाही, हिशेबावर आहे. आपण मोडलेलं आपणच उभारू शकतो, हे मुलांना कामातून कळतं. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, आणि तो अस्वस्थही अधिक करतो. फुटलेल्या काचेची किंमत काढता येते. मुलांना गुणांच्या यादीने फपर्यंत उतरवत नेलं, त्याची भरपाई कोणी करायची? देशमुख सर चांगले आहेत म्हणून हा प्रश्न मिटत नाही. चांगल्या शिक्षकाच्या प्रत्येक चित्रपटाला तो विचारायला हवा.