अडविलेला लेखक आणि मोकळे पुस्तक

कॅनडाचे लेखक फार्ली मोवॅट यांचे ‘माय डिस्कव्हरी ऑफ अमेरिका’ (१९८५) हे छोटेखानी पुस्तक आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. एप्रिल १९८५ मध्ये ‘सी ऑफ स्लॉटर’ या आपल्या ग्रंथाच्या प्रसारासाठी मोवॅट लॉस एंजेलिसला निघाले असता टोरोंटोच्या विमानतळावरच अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्यांना अडविले. आधार होता १९५२ च्या मॅकरन-वॉल्टर कायद्याचा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून संमत झालेल्या या कायद्याने कम्युनिस्ट वा अराज्यवादी मतांच्या संशयावरून परकीयास प्रवेश नाकारता येई. गार्सिया मार्केझ आणि दारिओ फो यांनाही त्याची झळ लागली.

मोवॅट यांच्याविरुद्ध पुढे आलेल्या कारणांत एक मासलेवाईक होते. डोक्यावरून जाणाऱ्या अमेरिकी बाँबफेकी विमानांवर आपण साध्या .२२ बंदुकीने गोळ्या झाडू, अशी त्यांची जुनी थट्टा दप्तरात धमकी म्हणून जमा झाली होती! विनोदी लेखकाला याहून अरसिक वाचक कोठून मिळावा? पुस्तकाचा हा भाग खुसखुशीत उतरला आहे. मर्यादित मुदतीचा परवाना देऊ केला असता त्यांनी तो नाकारला, हेही त्यांच्या स्वभावास साजेसेच.

तथापि घटना आणि ग्रंथ एकाच वर्षीचे असल्याने लेखनात घाई जाणवते. शिवाय भर लेखकाच्या अपमानावर राहतो. ज्यांना त्याला ऐकायचे होते, त्यांची हानी मागे पडते. बेल्जियमचे मार्क्सवादी विचारवंत अर्नेस्ट मँडेल यांना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांना बोलाविणाऱ्या अमेरिकी प्राध्यापकांनी आपल्या ऐकण्याच्या हक्कासाठी दावा लावला होता. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो फेटाळला. आमच्या मते खरा प्रश्न तेथे आहे. त्या कायद्यातील वैचारिक बंदीची बरीचशी कलमे १९९० मध्ये गेली. श्रोत्याच्या हक्काचा प्रश्न मात्र उरलाच.

हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या कुटुंबांना तो परका वाटू नये. हिंदीच्या अभ्यासक फ्रांचेस्का ओर्सिनी यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये, ई-व्हिसा असूनही, दिल्ली विमानतळावरून परत पाठविण्यात आले. पूर्वी व्हिसाच्या अटींचा भंग झाल्याचे सरकारी सूत्रांनी सांगितले. आपणांस कारण कळविले नाही, असे त्या म्हणाल्या. ‘हिंदी का लोकवृत्त’ या नावाने हिंदीत आलेला त्यांचा ग्रंथ मात्र येथलाच, नवी दिल्लीत छापलेला आहे.