गुढियारीच्या कपाटातली नवी मराठी

रायपूर स्टेशनपलीकडच्या गुढियारीत माझ्याकडे मराठी पुस्तक येते ते टपालाने, नाहीतर नागपूरहून परतणाऱ्या कुणाच्या पिशवीतून. म्हणून पारखूनच मागवावे लागते. अलीकडे कपाटात आलेली पुस्तके वाचून मी ठामपणे म्हणेन, की मराठी कथात्म गद्य आज जोमात आहे आणि तो जोम त्याच्या स्थानिकपणातून आला आहे.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२३) हा त्याचा उत्तम दाखला. धरणापायी गाव उठते आणि मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा जुन्या जागी परततो. तोवर म्हैस रानाची झालेली असते. खोत विस्थापनावर भाषण देत नाहीत. माणूस आणि जनावर समोरासमोर उभे करतात. पुनर्वसनाच्या कागदात न मावणारे सगळे त्या झटापटीत कळते. बोली कोल्हापूरकडची आहे, पण महानदीवरच्या गंगरेल धरणात गावे गेलेल्या छत्तीसगडच्या वाचकाला ती परकी वाटत नाही.

देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला साहित्य अकादमीचा २०२४चा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांनी शिंप्याच्या हातचे काम काढून घेतल्याची ही कथा आहे. सौदागर स्वतः शिलाईकाम केलेले, त्यामुळे यातले दारिद्र्य पाहुण्याने टिपलेले वाटत नाही. प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' कोकणातल्या कळसूत्री बाहुल्यांच्या आधाराने आजच्या राजकारणापर्यंत पोचते. तिचा पसारा मोठा आहे आणि काही ठिकाणी तो कथेला जड होतो. तरी असे धाडस करणारी कादंबरी मला नेटक्या, सुरक्षित कादंबरीपेक्षा मोलाची वाटते.

समीक्षा मात्र याच वेगाने चाललेली दिसत नाही. सुधीर रसाळांचे 'विंदांचे गद्यरूप' (अकादमी पुरस्कार, २०२४) हे शिस्तीचे, सखोल काम आहे. पण ते मागच्या पिढीतल्या मोठ्या लेखकावरचे. खोत, बांदेकर, किरण गुरव यांच्या गद्यावर इतक्याच तयारीने लिहिलेला ग्रंथ माझ्या कपाटाला अजून हवा आहे. परीक्षणांनी ती गरज भागत नाही.

दुसरी उणीव आम्हा बाहेरच्यांना अधिक बोचते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले. घरची भाषा मराठी, पण त्यांनी हिंदी कवितेला नवे वळण दिले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. त्यांच्याही आधी माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेले. इथल्या मराठी माणसाने हिंदीला इतके दिले. पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या त्याच मराठी घरांची कादंबरी माझ्या कपाटात नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या वाड्यात बोलली जाणारी, छत्तीसगडीत मिसळलेली मराठी साहित्यात यायला हवी.

खोत-सौदागरांनी वाट दाखवली आहे: आपल्या गल्लीची भाषा न लाजता लिहायची. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी नाटक-गणेशोत्सवाच्या जोडीला तरुणांकडून असे लेखन करवून घ्यावे, आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी ते प्रमाणभाषेत धुऊन न काढता छापावे. वाचक इथे तयार आहेत.