खंजिरीचा ताल आणि छापील पद : तुकडोजी महाराजांच्या गीतरचनेचा एक विचार

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे गाव. तेथून पश्चिमेकडे निघालेला रस्ता वर्धा नदी ओलांडतो, तिवसा मागे टाकतो आणि मोझरीच्या गुरुकुंजाशी येतो. नदीच्या अलीकडचा मुलूख जुन्या नागपूर प्रांताचा, पलीकडचा वऱ्हाडाचा. ही सीमा प्रशासनाच्या नकाशावर दीर्घकाळ टिकली. भजनाने मात्र ती कधी मानली नाही. तळेगाव, आष्टी, आर्वी या पट्ट्यातील भजनी मंडळांत खंजिरी हे वाद्य आजही ऐकू येते, आणि तिच्या तालावर गायिली जाणारी पदे बहुतांशी एकाच नाममुद्रेची असतात. ही पदे वाङ्मय आहेत काय, आणि असल्यास त्यांची संहिता कोणती, हा प्रश्न मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने हाताळलेला नाही.

त्याची कारणे उघड आहेत. तुकडोजी महाराजांविषयीचे लेखन मुख्यतः चरित्रपर व गौरवपर आहे. गांधींनी त्यांचे भजन ऐकून मौन सोडले, ही आठवण या लेखनात इतक्या वेळा येते की भजनात नेमके काय होते याची चौकशी करण्याची गरजच उरत नाही. दुसरीकडे, ज्यांना ग्रंथाधारित अभ्यास करावयाचा असतो ते ‘ग्रामगीते’कडे वळतात. 41 अध्याय आणि 4675 ओव्या असलेला हा ग्रंथ अध्ययनास सोयीचा आहे. त्याचे विषयवार विवरण करता येते. गीते तशी सोय देत नाहीत. ती विखुरलेली, प्रसंगोपात्त, परस्परांची पुनरावृत्ती करणारी आहेत. शिवाय कागदावर ती पुष्कळदा फिकी वाटतात. हा फिकेपणा रचनेचा दोष आहे की वाचनपद्धतीचा, हे तपासल्याशिवाय निवाडा देणे योग्य होणार नाही.

चरित्राचा तपशील येथे थोडक्यात पुरे. 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे, शिवणकाम करणाऱ्या बंडोजींच्या घरी जन्म. मूळ नाव माणिक. शालेय शिक्षण तिसऱ्या इयत्तेच्या आसपास थांबले. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलेले ‘तुकड्या’ हे नाव पुढे नाममुद्रा झाले. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंजाची स्थापना, 1936 मध्ये वर्ध्याजवळ गांधींच्या सहवासात सुमारे महिनाभर वास्तव्य, 1942 मध्ये अटक, 1955 मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत उपस्थिती, आणि 11 ऑक्टोबर 1968 रोजी गुरुकुंजातच देहावसान. या साऱ्या काळात एक गोष्ट बदलली नाही : सभा कोणतीही असो, बोलण्याआधी आणि बोलता बोलता हातात खंजिरी असे.

वाद्याची ही निवड वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाची आहे. खंजिरी म्हणजे लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसविलेल्या धातूच्या चकत्या. एका हाताने धरावयाची, दुसऱ्याने वाजवावयाची. तिच्यावर स्वरावली वाजत नाही. आघात, त्याचा दाब आणि चकत्यांची किणकिण एवढेच तिचे सामर्थ्य. वारकरी भजनात ताल पखवाजाकडे व टाळकऱ्यांकडे असतो. मुख्य गायकाच्या गळ्यात वीणा असते आणि ती स्वराचा आधार पुरविते. तेथे शब्द एकाकडे आणि लय समूहाकडे अशी वाटणी आहे. खंजिरी भजनात ही वाटणी मोडते. शब्द रचणारा, ते उच्चारणारा आणि त्यांना आघात देणारा एकच. हार्मोनियम, तबला व साथीदार असतात, पण कोणत्या अक्षरावर थबकावयाचे आणि कोठून उचल घ्यावयाची, हे रचनाकाराचा हातच ठरवतो. शाहिराच्या डफाशी याचे नाते सरळ दिसते. अमर शेखांच्या बाबतीतही डफ आणि आवाज वेगळे काढून दाखविणे कठीण होते. तथापि डफाची थाप श्रोत्याला आव्हान देते. खंजिरी आकाराने लहान, छातीजवळ धरलेली, तिचा स्वभाव अधिक संवादी आहे. तिने तुकडोजींना ललकारी आणि आर्जव या दोहोंतून सहज ये-जा करू दिली.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात गीतकार-गायकाने स्वतःच तळाची लय सांभाळल्याचे एक सुपरिचित उदाहरण आहे. ‘बीटल्स’चा पॉल मॅकार्टनी 1961 मध्ये बेस गिटारकडे वळला. रंगमंचावर तो गाता गाताच बेस वाजवीत असे. परंतु 1967 च्या सुमारास ध्वनिमुद्रण-कक्षात बेसचा भाग अनेकदा सर्वांत शेवटी, स्वतंत्रपणे भरला जाऊ लागला. गीत पुरे झाल्यावर त्याच्या तळाशी काय असावे याचा निवांत विचार करण्याची मुभा तंत्राने दिली, आणि तो तळ स्वतःच एक दुसरी चाल होऊन बसला. तुकडोजींच्या बाबतीत अशी मुभा नव्हती व तिची गरजही नव्हती. येथे लय गीतानंतर येत नाही. किंबहुना पुष्कळ पदांची अंतर्गत साक्ष अशी की लय आधी आली आणि शब्द तिच्यात बसले. दोन्ही रचनाकार मुळात कानाने शिकलेले. भेद आहे तो शब्द आणि ताल यांच्यातील अंतराचा. या अंतराचा समीक्षेने विचार केला पाहिजे. थोरवीची तुलना येथे अभिप्रेत नाही.

याचा पुरावा छंदात सापडतो. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त मात्रावृत्तांचे आवर्तनांनुसार जे वर्गीकरण केले, त्यातील पद्मावर्तन आठ मात्रांचे आणि भृंगावर्तन सहा मात्रांचे. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. भजनी मंडळातील वादकाला ही पारिभाषिक नावे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण तो दिवसरात्र त्याच दोन मापांत वावरत असतो. आता नाममुद्रा पाहावी. ‘तुकड्यादास’ या शब्दाच्या, मराठी उच्चाराप्रमाणे ‘ड्या’मुळे मागील अक्षर जड न धरता, सात मात्रा होतात, अंत्य अक्षर लांबविले की आठ. म्हणजे नाममुद्राच एक पूर्ण आवर्तन व्यापते. पदाच्या अखेरीस ती येते तेव्हा श्रोत्याला कवीचे नाव कळते, आणि त्याच वेळी तालाचे एक वर्तुळ पुरे झाल्याची खूणही पटते. संतपरंपरेत नाममुद्रा ही कर्तृत्वाची सही असते. येथे ती समेची पूर्वसूचनाही झाली आहे.

‘या झोपडीत माझ्या’ हे त्यांचे सर्वांत परिचित पद याहून अधिक बोलके आहे. शाळांतून पाठ केले जाणारे, म्हणून समीक्षेने बालसुलभ मानून सोडून दिलेले हे गीत. त्याचे नाव हेच त्याचे ध्रुपद. त्याचा लगक्रम पाहिला तर गुरु-गुरु-लघु, गुरु-लघु-गुरु-गुरु असा निघतो. हे आनंदकंद वृत्ताचे अर्धे चरण आहे. आनंदकंद हे फारसी-उर्दू गझलेच्या बहरांतून मराठीत आलेले वृत्त. त्याला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली ती फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियन यांनी, म्हणजे ‘छंदोरचना’कार पटवर्धनांनीच, त्यांची ‘गज्जलांजली’ 1933 सालची. तिसरी इयत्ता शिकलेला एक भजनकार आणि फारसीचा एक पंडित एकाच वृत्तापाशी पोहोचतात, पण वाटा वेगळ्या आहेत. एकाची वाट दिवाणांतून व व्याकरणातून जाते. दुसऱ्याची, संभवतः, कव्वाली, हिंदी पदे आणि गावोगाव ऐकलेल्या चालींतून. मराठीत गझलेच्या वृत्तांचा प्रवेश हा केवळ रविकिरण मंडळाच्या कक्षेतील प्रकार समजणाऱ्या इतिहासाला हे एक पद पुरेसे उत्तर आहे.

त्याहून सूक्ष्म बाब पुढे आहे. या अर्ध्या चरणाच्या मात्रा बारा. सहा मात्रांच्या तालावर तो मांडला तर पहिले आवर्तन सहाव्या मात्रेवर संपते. परंतु सहावी आणि सातवी मात्रा मिळून एकच गुरु अक्षर होते. ‘डी’ हे ते अक्षर. म्हणजे दुसऱ्या आवर्तनाचा पहिला आघात अक्षराच्या आरंभावर न पडता लांबलेल्या स्वराच्या मध्यावर पडतो. येथे गायकापुढे दोन मार्ग असतात : स्वर तसाच धरून आघात हाताला एकट्याने बोलू द्यावयाचा, किंवा चरणाला ताणून आठ-आठच्या मापात बसवावयाचे आणि पेच मिटवावयाचा. पहिल्यात शब्द आणि ताल यांचा क्षणभर विरोध उत्पन्न होऊन पुढच्या अक्षरावर मिटतो. दुसऱ्यात समतोल प्रथमपासून राहतो. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल या ज्या संज्ञा योजल्या, त्यांचे इतके साधे उदाहरण दुर्मीळ असेल. मात्र यांतील कोणता मार्ग घ्यावयाचा हे छापील पान सांगत नाही. ते सांगतो वाजवणारा हात. मग अर्थाच्या दृष्टीने विचारावयाचे ते हे : झोपडीतील सुखाचा जो ठाम, शांत निर्वाळा हे पद देते, तो शब्दांत आहे की त्या तुटू न दिलेल्या स्वरात?

भजनावल्यांच्या मुद्रित रूपात ‘चाल’ आणि हिंदी पदांवर ‘तर्ज’ असा एक निर्देश अनेकदा पदाच्या डोक्यावर छापलेला असतो. अभ्यासक तो ओलांडून पुढे जातात. वास्तविक संहितेचा तो पहिला शब्द आहे. दुसऱ्या एखाद्या गीताचे आरंभीचे शब्द देऊन कवी म्हणतो, हे त्या मापाने गा. म्हणजे प्रत्येक पद दुसऱ्या पदाच्या खांद्यावर उभे आहे. संहितांच्या परस्परसंबंधाविषयी अलीकडच्या समीक्षेत जे बोलले जाते त्याचा हा सर्वांत भौतिक प्रकार म्हणावा लागेल. येथे आधारभूत संहिता अर्थ पुरवीत नाही, श्वास पुरविते. आणि येथेच अडचण आहे. आधाराचे मूळ गाणे विस्मरणात गेले की वरचे पद छापील असूनही मुके होते. त्याच्या मात्रा मोजता येतात, पण कोणते अक्षर किती लांबवावयाचे हे कळेनासे होते, आणि मग वाचक निष्कर्ष काढतो की रचना ढोबळ आहे. पुष्कळ ‘ढोबळ’ ओळी गायिल्या गेल्या की नीट बसतात. सगळ्याच बसतात असे मात्र नाही. काही ओळी तालासाठी भरीचे शब्द घेतात, आणि भक्तीचा आडोसा देऊन ते झाकण्याचे कारण नाही.

भाषेच्या बाबतीत एक गैरसमज दूर केला पाहिजे. तुकडोजींना वऱ्हाडी बोलीचे कवी समजणारा वाचक त्यांची पदे उघडताच निराश होतो. ती प्रमाण मराठीच्या जवळची आहेत, हिंदी-उर्दू शब्दांशी निःसंकोच वागणारी आहेत, आणि मोठा भाग तर हिंदीतच आहे. देशीयतेचे माप केवळ बोलीने घेणाऱ्या दृष्टीला हे खटकेल. परंतु ज्या प्रांतात हे रचनाकार वावरले तो मध्यप्रांत-वऱ्हाड 1956 पर्यंत द्विभाषिक होता; नागपूर आणि रायपूर एकाच राज्यव्यवस्थेत होती. 1942 च्या ऑगस्टमध्ये अटक झाल्यावर त्यांना याच दोन ठिकाणच्या तुरुंगांत ठेवले गेले. त्यांची हिंदी त्या भूगोलाची हिंदी आहे. राष्ट्रभाषेचा प्रचार हे तिचे एकमेव स्पष्टीकरण नव्हे. देशीपण येथे शब्दकोशापेक्षा लयीत शोधावे लागते.

1942 चा उल्लेख झाला तो पुढे नेणे भाग आहे. 16 ऑगस्ट 1942 रोजी आष्टी आणि चिमूर या दोन ठिकाणी उठाव झाले. तळेगावचा परिसर आष्टीच्या आठवणीपासून अजूनही सुटलेला नाही. दोन्ही भागांत तुकडोजींची भजने आधीपासून घुमत होती. निसर्गातील साध्यासुध्या वस्तूच लढ्याची सामग्री होतील अशी कल्पना मांडणारे त्यांचे हिंदी पद या संदर्भात नेहमी सांगितले जाते. त्या पदाचा आशय प्रतीकात्मक की थेट, यावर वाद होऊ शकतो. सरकारने मात्र त्याच महिन्यात रचनाकाराला पकडून आपला अर्थ नोंदविला. समीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ग्रहणाचा हा एक लिखित पुरावा आहे, आणि तो सहृदय वाचकाचा नाही म्हणूनच लक्षणीय. जमावाला उठावाचा तपशील भजनाने दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भजनाने काय दिले, तर एकत्र उच्चार करण्याची सवय. शेकडो माणसे एकाच मात्रेवर थांबू शकतात आणि एकाच मात्रेवर पुढे जाऊ शकतात, हा अनुभव. आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात होणाऱ्या मौन श्रद्धांजलीत हीच सवय शब्दावाचून दिसते.

‘ग्रामगीता’ या दृष्टीने पाहिली की तिच्याविषयीचा प्रचलित निर्णय उलटा करावासा वाटतो. ती तुकडोजींच्या विचारांचा सर्वांत व्यवस्थित ग्रंथ आहे यात शंका नाही; ग्रामरचना, श्रम, आरोग्य, अस्पृश्यतानिवारण यांविषयीचे त्यातील विवेचन आजही उपयुक्त ठरते. पण कवितेच्या अंगाने ती गीतांहून उणी आहे. ओवी अक्षरांची मोजदाद सैल ठेवते, आणि येथे खंजिरी खाली ठेवलेली आहे. आघात नाहीसा झाल्यावर उपदेश स्वतःच्याच वजनाने चालू लागतो, कलमांमागून कलमे येतात, प्रतिमा क्वचित थांबवते. पारायणासाठी ती योग्य; वाचनाच्या एकांतात तिचे अनेक अध्याय गद्यच राहतात. विद्यापीठीय अभ्यासाने नेमका हाच ग्रंथ मध्यभागी ठेवला आणि गीते परिशिष्टात ढकलली. 2005 मध्ये नागपूर विद्यापीठाला या रचनाकाराचे नाव मिळाले, त्याने ही उतरंड बदललेली नाही.

ती बदलावयाची तर आधी संपादन हवे. पाठभेद नोंदविणारी, प्रत्येक पदाच्या डोक्यावरील चालीचे मूळ गीत शोधणारी, आणि ध्रुपद-अंतऱ्यांचा ताल गायकांकडून तपासून चिन्हांनी दाखविणारी भजनावली अभ्यासकाच्या हाती असावयास हवी. अशोक रानडे यांनी भक्तिसंगीताची एक स्वतंत्र कोटी मानून तिच्या प्रयोगाला अभ्यासविषयाचा दर्जा दिला. त्यामुळे संगीताच्या बाजूने वाट तयार आहे. साहित्याच्या बाजूने आलेला अभ्यासक तीवर अजून चाललेला नाही. विदर्भात खंजिरी भजनाच्या स्पर्धा भरतात, तरुण मंडळेही त्यांत उतरतात. पण स्पर्धेच्या चाली झपाट्याने बदलतात, चित्रपटगीतांच्या मापावर जुनी पदे बसविली जातात. यात अनुचित काही नाही, तुकडोजींचीही पद्धत हीच होती. फक्त जुन्या चाली ज्यांच्या कंठात आहेत ती पिढी वृद्ध आहे, आणि छापील पानावरच्या ‘चाल’ या शब्दापुढची ओळ वाचून गुणगुणू शकणारी माणसे तळेगावात आणि नदीपलीकडच्या तिवशात दरवर्षी कमी होत आहेत.