फोटो साफ करताना काय पुसलं जातं
(शिरवळ येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आत येताना बाहेर लावलेले फोटो मी दोनदा बघितले. मला बोलावताना सांगितलं होतं, ‘फोटोतला नॉइज कसा घालवायचा’ यावर बोला. पण फोटो बघितल्यावर लक्षात आलं की घालवणं तुम्हाला चांगलंच येतंय. जरा जास्तच येतंय. (हशा) म्हणून आज थोडी तक्रार करतो, चालेल ना?

दोनच फोटो घेतो. पहिला आपल्या इथल्या लेण्यांचा, पांडवदऱ्याकडच्या. बाहेरचे लोक पुण्याहून निघतात ते कार्ले, भाजे करतात, फार तर अजिंठ्याला जातात. शिरवळलाही बौद्ध लेणी आहेत हे महामार्गावरून जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. तेव्हा फोटो काढणाऱ्याचं आधी कौतुक. ही लेणी साधी आहेत. एक चैत्यगृह, बाकी विहार. मूर्ती नाहीत, नक्षी नाही, स्तूपसुद्धा साधा. मग अशा ठिकाणी बघायचं काय? दगड बघायचा. छिन्नी कुठून कुठे गेली, घाव आडवे की तिरके, कुठे पृष्ठभाग घासून घेतलाय, कुठे तसाच सोडलाय. अलंकार नसलेल्या लेण्यात एवढाच मजकूर असतो.

आणि बाहेरच्या फोटोत नेमका तोच नाही. भिंत कशी दिसते? नुकतंच प्लास्टर करून डिस्टेंपर मारल्यासारखी. दोन हजार वर्षांच्या आसपासची भिंत, आणि तिच्यावर एक ओरखडा नाही!

हे झालं कसं ते सांगतो. आत अंधार होता, कॅमेरा हातात होता, आयएसओ 6400 वर नेला. फोटो फुटला. आपण ‘फुटला’ म्हणतो, कुणी ‘दाणे आले’ म्हणतं. मग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शनची पट्टी उजवीकडे पार टोकाला नेली. दाणे गेले, घावही गेले. कारण त्या सॉफ्टवेअरच्या लेखी दाणा म्हणजे शेजारच्या ठिपक्यापेक्षा वेगळा ठिपका, आणि छिन्नीचा बारीक घाव म्हणजेसुद्धा तेच.

आता हा दाणा येतो कुठून? बहुतेकांना वाटतं आयएसओ वाढवला म्हणून आला. तसं नाही. पावसाची पहिली सर आठवा. अंगणात शहाबादी फरशी आहे. पहिल्या दोन सेकंदांत एका फरशीवर पाच थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर एक, तिसरी कोरडी. पाऊस सगळीकडे सारखाच आहे, पण फरश्या ठिपकेदार दिसतात. दहा मिनिटं पडू द्या, सगळं अंगण एकसारखं ओलं होतं. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. एका पिक्सेलवर सरासरी 100 कण पडत असतील तर साधारण 10 चा चढउतार होतो, म्हणजे दहा टक्के. 10,000 पडले तर 100 चा, म्हणजे एकच टक्का. आयएसओ फक्त लाउडस्पीकर आहे. मुळात आवाज कमी असेल तर तो खरखरही मोठी करतो.

म्हणून फोन बिचारा जास्त फुटतो. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलीमीटरचा. साध्या फोनचा साधारण 6 बाय 4 चा धरा. छत्तीस पट लहान अंगण! ही उणीव झाकायला फोन कंपन्यांनी दोन उपाय काढले. एक मला पटतो, एक नाही.

पटणारा उपाय म्हणजे लागोपाठ बरेच फोटो काढून ते एकमेकांवर बसवायचे. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये 2018 ला नाइट साइट आलं, ते याच तत्त्वावर. दाणा दर फोटोत जागा बदलतो, घाव मात्र जिथल्या तिथे राहतो. 16 फोटोंची सरासरी काढली की नॉइज चौथा हिस्सा उरतो, आणि घाव शाबूत.

न पटणारा म्हणजे अंदाज. 2023 मध्ये एका माणसाने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर केला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने लांबून टिपला. फोनमध्ये आलेल्या चंद्रावर असा तपशील होता, जो पडद्यावरच्या चित्रात नव्हताच! फोन चंद्र ओळखून एआयने तपशील वाढवतो, हे कंपनीनेही नंतर समजावून सांगितलं. चंद्राचं ठीक आहे हो, तो सगळ्यांना एकच आहे. शिरवळच्या लेण्याची भिंत त्या एआयने कुठे बघितलीय? ते कुठल्या तरी सरासरी दगडाचा पोत काढून देणार. उद्या कुणी त्या फोटोवरून भिंत अभ्यासायला बसला तर?

अजिंठ्याचं उदाहरण घ्या. बिनॉय बहल यांनी 1991-92 च्या सुमारास तिथली चित्रं टिपली. फिल्मवर, अगदी मंद उजेडात, लांबलचक एक्स्पोजर देऊन. त्या फोटोंत कोपऱ्यांतले रंगही बोलतात. आपल्या फोटोकाराला तेवढं कठीण काही करायचं नव्हतं. त्याने 6400 ला एकअष्टमांश सेकंद दिला असेल, तर स्टँड लावून आयएसओ 100 ला आठ सेकंद झाले असते. चौसष्ट पट प्रकाश, नॉइज आठव्या हिश्शावर. स्टँड नसेल तर कॅमेरा पिशवीवर ठेवा, दगडावर ठेवा. भिंत कुठे पळून जात नाही.

माणूस मात्र हलतो. म्हणून दुसरा फोटो. हळदीच्या रात्रीचा, मांडवातल्या आजींचा. फोटो म्हणून मला तो सगळ्यात जास्त आवडला. क्षण अचूक पकडलाय, आजी कुणाकडे तरी बघून हसतायत. पण खणाच्या चोळीची वीण गेलीय, चोळी सपाट निळी झालीय. आणि चेहरा मेणाचा. मी फोटो काढणाऱ्या मुलीला विचारलं, आजींना गोंदण नाही का? ती म्हणाली, “आहे की सर, कपाळावर आणि हनुवटीवर. फिकट झालंय.” फिकट हिरवे ठिपके! सॉफ्टवेअरने त्यांना नॉइज समजून पुसून टाकलं, आणि घरातल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण फोटो ‘क्लीन’ दिसत होता.

हे काही नवीन नाही म्हणा. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायचेच. पण तिथे माणूस बसलेला असायचा, आणि ‘तीळ ठेवा हं’ असं त्याला सांगता यायचं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग नॉइज काढायचाच नाही का?)

काढा की. मी दाण्यांची पूजा करायला सांगत नाही. स्वच्छ फोटोवर फिल्टरने खोटे दाणे टाकणारेही मला आवडत नाहीत. पण सॉफ्टवेअरमध्ये दोन पट्ट्या असतात. कलरची पट्टी, म्हणजे अंधारात येणारे लाल-हिरवे डाग, ती बिनधास्त वाढवा. फक्त गोंदण असेल तिथे जपून, तेही रंगाचेच ठिपके आहेत. ल्युमिनन्सची पट्टी हळू, आणि बघत बघत. कपाळ शंभर टक्के मोठं करून बघा, मग थांबा. अख्ख्या फोटोला एकच माप लावू नका. मागचा अंधार हवा तेवढा गुळगुळीत करा, चेहऱ्याला वेगळं माप ठेवा. आणि रॉ फाइल जपा. बोर्डावर लावायच्या आकारात निम्मे दाणे तसेही दिसत नाहीत.

त्या आजींच्या फोटोची मूळ फाइल अजून कार्डात आहे म्हणे. लॅपटॉप मी आणलाय. चहा होईपर्यंत उघडून बघू, हनुवटीवर किती ठिपके आहेत ते.