पाखोमचा दंड

टॉलस्टॉयची १८८६ सालची ‘माणसाला किती जमीन लागते?’ ही कथा बहुतेकांना शेवटापासूनच ठाऊक असते. एक हजार रूबल द्या, सूर्यास्तापूर्वी जेवढ्या जमिनीला फेरी माराल तेवढी तुमची. पाखोम धावून धावून मरतो आणि त्याला पुरायला तीन अर्शिन, म्हणजे आपली साडेतीन हातच जमीन लागते. शाळेत मीही ती अशीच ऐकली. मग आठवतो तो लूकच्या शुभवर्तमानातला कोठारे वाढवणारा धनवान.

पुढे पन्नाशीत मॉड दांपत्याचे इंग्रजी भाषांतर सावकाश वाचले, तेव्हा मी अडखळलो तो दंडापाशी. शेजारची जमीनदारीण एका निवृत्त शिपायाला कारभारी नेमते. पाखोमची जनावरे तिच्या शेतात शिरली की तो दंड आकारतो. पाखोम दंड भरतो आणि राग घरच्यांवर काढतो. पुढे शिंगरू व निम्म्या मधमाश्या विकून, मुलाला मजुरीला लावून तो त्याच बाईची जमीन विकत घेतो. आता गावची जनावरे त्याच्या रानात शिरतात. बरेच दिवस तो सोडून देतो, मग कोर्टात जाऊन शेजाऱ्यांना दंड करवतो. बश्किरांचा मुलूख अजून दूर आहे, पण माझ्या मते पाखोम इथेच हरला. (बांधावरून भाऊबंदकी पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.)

म्हणून मला या कथेमागे लूकपेक्षा मत्तयच्या अठराव्या अध्यायातला चाकर दिसतो. स्वतःचे डोंगराएवढे कर्ज माफ झाले असताना तो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की पाखोमला कुणीच कधी माफ केलेले नव्हते. तरी तो आधी सोडून देतो! लोभ इथे एकरांत मोजायचा नाही. शेजाऱ्याशी असलेले नाते कधी तुटले, ते पाहायचे.

आक्षेप आहेच. भूदासमुक्तीला जेमतेम पंचवीस वर्षे झालेली असताना एका काउंटने शेतकऱ्याला जमिनीची हाव सोडायला सांगावी? १८७१ मध्ये टॉलस्टॉयने स्वतः समारा प्रांतात सुमारे अडीच हजार देस्यातिन जमीन घेतली होती. चेखवच्या १८९८ च्या ‘गूजबेरी’तले पात्र तर म्हणते की तीन अर्शिन प्रेताला लागतात, माणसाला नव्हे. मला ते अर्धेच पटते.

१८९२ मध्ये टॉलस्टॉयने मालमत्ता पत्नी व मुलांत वाटून टाकली. त्याच्या अखेरच्या वर्षांत सोफिया यांनी यास्नाया पोल्यानाच्या राखणीला एक सर्केशियन घोडेस्वार नेमला. तो शेतकऱ्यांना पकडून आणी, आणि टॉलस्टॉय ते पाहून तळमळे.